सिंगलवाल्याला ‘आज नाही’ कोण म्हणणार?

महाराष्ट्रातल्या सर्व रोइंग क्लबांची कार्यकारी मंडळं, मानद सचिव आणि प्रशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, पावसाळा सरत आलाय. रॅकवरच्या बोटींची धूळ पुसली जाईल, हंगामापूर्वीच्या सभा लागतील आणि तिथे टी-शर्टचा रंग व शिबिराच्या तारखा यांवर तास-दोन तास सहज जातील. सिंगल स्कलच्या, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीच्या, सुरक्षिततेचा मुद्दा मात्र ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो, आणि तोवर बटाटेवडे आलेले असतात. यंदा तो वड्यांच्या आधी यावा, म्हणून हे उघड पत्र. कुठल्या एका क्लबला उद्देशून नाही. नाशिक असो वा पुणे, नदी असो वा धरण, दुखणं सगळीकडे सारखंच आहे.

आपल्याकडची सगळी व्यवस्था मुळात मोठ्या बोटींसाठी बसवलेली आहे. आठ जणांच्या एटमध्ये किंवा कॉक्स (सुकाणू धरणारा) असलेल्या चौघांच्या फोरमध्ये एक जण पुढे बघत असतो, आवाज देत असतो. बोट उलटली तर डोकी मोजता येतात, एक कमी भरलं तर लगेच कळतं. सिंगलमध्ये डोकी मोजायला कोण आहे? बोट सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब, स्पर्धेच्या नियमाप्रमाणे किमान वजन १४ किलो, आणि पाण्याला टेकते तिथे जेमतेम फूटभर रुंद. ती उभी राहते ती दोन वल्ह्यांच्या जिवावर. एक मूठ हातातून सुटली की संपलं. वर वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला. शाळेतली मुलं, पन्नाशीतले हौशी आणि राज्य संघात निवडलेले असे तिन्ही प्रकारचे लोक पहाटे एकाच जेट्टीवरून असल्या बोटींतून निघतात, प्रत्येक जण आपापल्या मनाने.

आणि ही संख्या वाढतेय. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू भोकनळ सिंगल स्कलमध्ये उतरला, तेरावा आला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खणण्याचं काम केलेला मुलगा. दोन वर्षांनी जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रपल स्कलच्या सुवर्णपदकात त्याचा वाटा होता. आता पोरांना पहिल्या महिन्यातच सिंगल हवी असते. हवी असणं चांगलंच. पण दत्तू घडला तो सैन्यात. तिथे पाण्यात गेलेल्या माणसाचा हिशेब ठेवणारं कुणीतरी काठावर असतं. आपल्या नागरी क्लबांत तो हिशेब कोण ठेवतं?

नियम नाहीत असं मी म्हणत नाही. पाट्या लावण्यात तर आपला हात कुणी धरणार नाही. ‘पोहता येत असल्याशिवाय बोट मिळणार नाही.’ ‘नोंदवहीत सही केल्याशिवाय पाण्यात उतरू नये.’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘हुकुमावरून’. हा हुकूम कुणाचा, ते पाटीवर नसतं आणि पहाटे पावणेसहाला जेट्टीवरही नसतं. त्या वेळी तिथे असतो तो बोटमन. पगारी माणूस, बहुतेक वेळा क्लबमधला सगळ्यात जाणकार. वाऱ्याचा रंग त्याला आपल्या आधी कळतो. तो म्हणतो, “साहेब, आज थोडं थांबा, वारं उठतंय.” साहेब म्हणतात, “अरे, तुझ्या जन्माआधीपासून वल्हवतोय मी,” आणि बोट खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरू लागतात. बोटमन काय करणार? त्याची पगारवाढ ज्या सभेत ठरते त्या सभेत हेच साहेब बसतात.

माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक सत्राला एका माणसाचं नाव फळ्यावर लिहिलेलं असावं, आणि त्या दिवशी त्याने ‘नाही’ म्हटलं की ते शेवटचं असावं. सचिवांना, देणगीदारांना, राष्ट्रीय पदकवाल्यांनाही. हा माणूस प्रशिक्षक नसावा. प्रशिक्षकावर माझा राग नाही, पण त्याच्या डोळ्यासमोर तीन आठवड्यांवरची स्पर्धा असते, त्याला किलोमीटर भरून काढायचे असतात. ‘आज नको’ म्हणणं त्याच्या पोटावर येतं. सभासदांनी पाळीपाळीने ही ड्यूटी करावी, आणि ज्याची ड्यूटी त्याने त्या सकाळी स्वतः बोट काढू नये. बोटमनला ही जबाबदारी द्यायची असेल तर लेखी द्या आणि सर्व सभासदांसमोर वाचून दाखवा, नाहीतर ती त्याच्या गळ्यातली धोंड होईल.

कोलकात्याचं आठवून बघा. २१ मे २०२२, शनिवारची दुपार कलती. रवींद्र सरोवरावर आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळकरी मुलांचा सराव चालू होता. कालबैशाखी उठली, ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वारा. पाच मुलांची बोट उलटली. तिघं काठाला लागली, दोघं बुडाली. वैशाखाच्या संध्याकाळी तिथे असं वादळ येणं काही नवलाचं नाही, तो तिथला नेमच आहे. आणि पाण्यावर इंजिनाची बचाव बोट नव्हती, कारण प्रदूषणाच्या नियमांमुळे त्या तळ्यात इंधनावरची बोट चालवता येत नव्हती. पुढे रोइंग काही महिने बंद राहिलं, कार्यपद्धती लिहून काढली गेली, मग पुन्हा सुरू झालं. ती पाच जणांची बोट होती, भर शहरात, चहूबाजूंनी काठ दिसणाऱ्या तळ्यात. धरणाच्या मधोमध असलेल्या एकट्या सिंगलचं काय होईल, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून बघावं.

आपल्याकडचा वळीवही काही सांगून येत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरतं आणि अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं होतं. म्हणून ‘हवा बघून ठरवू’ हे मला पटत नाही. आकडे आधी ठरवून ठेवावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर सगळ्या बोटी बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी उतरायचं नाही. बोटी-वल्ह्यांचा कार्बन फायबर विजेला चांगलीच वाट देतो, आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू वल्हवणाराच असतो. विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप तर पुण्यातल्या पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं, म्हणजे आपल्या गावचंच. ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनवर ते असलंच पाहिजे. वाऱ्याचं माप त्याहून सोपं. पाण्यावर पांढऱ्या लाटा फुटताना दिसल्या की सिंगल बंद. धुक्यासाठी समोरच्या काठावरचं एक ठरावीक झाड किंवा खांब धरावा. तो दिसेपर्यंत बोट धक्क्यालाच.

उजेडाचं तर विचारूच नका. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि आपल्या बोटी सहाला पाण्यात असतात. शाळा, कॉलेज, ऑफिस गाठायचं असतं, मान्य. पण मग पुढच्या व मागच्या टोकाला पांढरा दिवा हवा आणि अंगात उठून दिसणारा शर्ट हवा. काळ्या बोटीत काळा युनिसूट घालून अंधारात निघालेला माणूस समोरून येणाऱ्या डबलला, म्हणजे दोघांच्या बोटीला, दिसणार कसा, विशेषतः डबलमधल्या दोघांचीही पाठ त्याच्याकडे असताना?

एक सकाळ सांगतो. क्लब कुठला ते महत्त्वाचं नाही. काठावर एक आई स्कूटी लावून उभी होती, हातात मुलीचं दप्तर. साडेसहा वाजून गेले होते. “माझी मुलगी दिसली का हो?” तिने दोघांना विचारलं. नोंदवही काढली. पाच पन्नासला सही होती, बोटीचं नाव होतं. वर गेली की खाली, त्याचा रकानाच नव्हता. परत कधी येणार, तोही नाही. लाँच, म्हणजे इंजिनाची बचाव बोट, होती, पण तिची टाकी कोरडी आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते गावाला. मुलगी दहा मिनिटांनी आली, एका बाजूच्या वल्ह्यात जलपर्णीचा हा एवढा गुंता घेऊन. ती काढत बसली होती म्हणून उशीर. आईने एक अक्षर काढलं नाही, दप्तर दिलं आणि मागे बसवून घेऊन गेली. काठावरच्या आम्ही मोठ्या माणसांनी मात्र ‘आली ना!’ म्हणून विषय संपवला. वहीत दोन रकाने वाढवायला किती खर्च येतो हो?

लाँचचा प्रश्न खरा अवघड, त्यावर जरा थांबतो. रोइंग करताना नेहमीचं लाइफ जॅकेट घालून हात पुरते फिरत नाहीत, म्हणून जगभर स्कलर ते सहसा घालत नाहीत. ठीक. पण ही सवलत फुकटची नाही. जॅकेट माणसाच्या अंगावर नसेल तर ते त्याच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर असलं पाहिजे, म्हणजेच लाँच पाण्यात असली पाहिजे, चालू असली पाहिजे आणि चालवणाऱ्याला उलटलेल्या माणसापर्यंत, त्याला इंजिनाचा पंखा लागू न देता, जाता आलं पाहिजे. ते शिकवावं लागतं. इंजिन बंद करून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, बाजूने सरकायचं. चालवणाऱ्याच्या अंगाला किल-कॉर्ड बांधलेली हवी, म्हणजे तो पडला तर इंजिन आपोआप थांबतं. लाँचमध्ये फेकायची दोरी, दोन-तीन जास्तीची जॅकेटं, एखादं वल्हं आणि ओल्या माणसाला गुंडाळायला काहीतरी हवं. सध्या बऱ्याच ठिकाणी लाँचचं काम म्हणजे स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांना फिरवून आणणं.

पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर इंजिनाच्या बोटीला परवानगी मिळवणं कटकटीचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण कोलकात्यानंतर हे कारण पुढे करता येणार नाही. बॅटरीवर चालणारी आउटबोर्ड इंजिनं आता मिळतात, आणि बचावासाठी स्पर्धेचा वेग लागत नाही. नवी सिंगल घ्यायला आपण देणगीदार शोधतोच. यंदा एका बोटीऐवजी एक बॅटरी मागा. देणगीदाराचं नाव तिच्यावरही रंगवता येतं. आणि जिथे लाँच निघू शकत नाही त्या दिवशी शिकाऊ मुलांनी सिंगल काढायची नाही, क्वाड किंवा डबल काढायची. जाणत्यांनी काढलीच तर दोघा-तिघांनी एकमेकांच्या नजरेत राहून, एकट्याने मुळीच नाही. कंबरेला बांधायची, दोरी ओढली की फुगणारी पट्ट्याची जॅकेटं मिळतात, ती वल्हवताना आड येत नाहीत. अशा जाणत्यांनी ती विकत घ्यावीत.

आता बोटीकडे. जेट्टीवर बोट ठेवली की दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं कुणी देत नाही. पुढच्या टोकाला पांढरा रबरी गोळा असतो, बो बॉल, व्यास किमान ४ सेंटिमीटर. तो शोभेचा नाही. ते टोक दुसऱ्याच्या पाठीत घुसू नये म्हणून आहे. कितीतरी बोटींवर तो तपकिरी चिकटपट्टीने कसाबसा डकवलेला असतो, काहींवर नुसती खूण उरलेली असते. मग बूट. फूट स्ट्रेचरवर, म्हणजे बोटीतल्या पाय टेकवायच्या फळीवर, बसवलेल्या बुटाच्या टाचेला आखूड दोरी बांधलेली असते, टाच थोडीच उचलली जावी म्हणून. बोट उलटली की पाय ओढताना दोरी बुटाला धरून ठेवते आणि पाय सुटतो. दोरी तुटलेली असेल तर बूट पायाबरोबरच वर येत राहतो आणि डोकं खाली पाण्यात. दोन्ही बुटांचे पट्टे एका दोरीने जोडलेले हवेत, एक हिसका दिला की दोन्ही उघडतील असे. आतल्या हवेच्या कप्प्यांची झाकणं घट्ट लागली पाहिजेत, कारण उलटलेली बोट तरंगते ती त्या हवेवर. झाकण हरवलं म्हणून प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली बोट मी पाहिली आहे. दोरी दहा-वीस रुपयांची, झाकण फार तर काहीशे रुपयांचं, आणि बोट लाखांतली. बोट पुसायला मुलांना लावता तेव्हाच हे तपासायला लावा आणि खडूने तारीख घाला. तारीख नाही ती बोट निघणार नाही.

वाहतुकीचा नियम मी थोडक्यात आटपतो, कारण तो सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि कुणी पाळत नाही. आपल्या जायच्या दिशेची उजवी बाजू धरायची, वळायची ठिकाणं ठरलेली, मध्ये थांबायचं नाही, दर काही वल्ह्यांनंतर मान वळवून बघायचं. नदीत जलपर्णी वाढली की मोकळी वाट दर आठवड्याला बदलते, तेव्हा नकाशा लॅमिनेट करून भिंतीवर टांगण्यापेक्षा खडूचा फळा बरा.

पाट्यांबद्दल एक सांगायचंच आहे. आपण काठावर धोक्याची पाटी लावतो ती मोटारवाल्याला दिसेल अशी, येणाऱ्याच्या तोंडासमोर. स्कलर पाठमोरा येतो. पाटी ओलांडल्यावर त्याला ती दिसते, आणि तेव्हा दिसते तिची कोरी मागची बाजू. पुण्याच्या नदीवर हे फार जिवावरचं आहे. संगमाखाली बंडगार्डनचा बंधारा आहे. वरच्या अंगाने बघितलं तर बंधारा दिसत नाही, पाणी सपाट जातंय असंच वाटतं. खाली कोसळणारं पाणी मात्र पायथ्याशी उलटं फिरत राहतं आणि पडलेल्या वस्तूला परत परत आत ओढतं. प्रवाहाबरोबर खाली निघालेल्या सिंगलवाल्याची पाठ नेमकी त्याच्याकडे. म्हणून अशा बंधाऱ्यांच्या बऱ्याच वर, दोन्ही काठांवर, मागल्या बाजूने रंगवलेल्या ठळक खुणा हव्यात, आणि पाण्यात आडवी तरंगत्या पिंपांची रांग हवी, जिला वल्हं अडकलं की माणूस थांबेल.

प्रवाहाचा हिशेबही असाच लेखी हवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरलं. त्या दिवशी कुणी बोट काढणार नव्हतं, ते सोडा. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा असतो. ऊन पडलेलं, काठावर चिखल वाळत आलेला, विसर्ग दोन-अडीच हजारांवर आलेला, आणि मुलं विचारतात, “सर, आज?” विसर्गाचे आकडे पाटबंधारे खातं रोज देतं. किती क्युसेकला शिकाऊ बंद, किती क्युसेकला सगळेच बंद, हे आपल्या नदीच्या पात्राप्रमाणे एकदा बसून ठरवायला नको का? इंग्लंडात थेम्सवर, भरती-ओहोटी पोचत नाही त्या भागात, प्रवाह वाढला की लॉकवर (बोटी चढ-उतरवायच्या दरवाजांपाशी) पिवळा फलक लागतो, जोराचा झाला की लाल. ऑक्सफर्डला नि केंब्रिजला विद्यार्थी क्लबांसाठी रोज झेंड्याचा रंग जाहीर होतो, आणि लाल लागला की कुणी निघत नाही, मग स्पर्धा उद्या असली तरी. आपणही बोटहाऊसच्या गच्चीवर झेंडा लावू शकतो. पंधरा ऑगस्टला लावतोच की.

पोहण्याबद्दल. ‘पोहता येतं’ या रकान्यात बरोबरची खूण केली की आपली तपासणी संपते. विहिरीत चड्डीवर मारलेल्या सूरकांड्या आणि सकाळच्या गार पाण्यात कपड्यांनिशी पोहणं यांत फरक आहे. कपड्यांत ५० मीटर पोहून दाखवणं आणि काही मिनिटं जागेवर तरंगून राहणं, इतकं तरी प्रत्यक्ष बघून मगच सही करावी. त्याहून महत्त्वाचा आहे उलटण्याचा सराव. एखाद्या जलतरण तलावाची सोमवारची दुपार मागून घ्या, क्लबातली सगळ्यात जुनी सिंगल तिथे न्या आणि प्रत्येकाला मुद्दाम उलटवा. बुटातून पाय काढ, वर ये, बोट सोडू नकोस, वल्ही एकत्र आण, एका मुठीत दोन्ही धर, बोट सरळ कर, पोटावर चढ. पहिल्यांदा सगळेच घाबरतात, तिसऱ्यांदा हसतात. जे पोर तलावात हसलंय ते नदीत बोट सोडून काठाकडे हातपाय मारत सुटत नाही. आणि काठ नेहमी वाटतो त्याहून लांब असतो. पुण्यातल्या सभासदांसाठी आणखी एक अप्रिय सूचना. त्या पाण्यात पडलात तर साबणाने आंघोळ करा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत पडल्याचं सांगा. लेप्टोस्पायरोसिस हा नुसता पुस्तकातला शब्द नाही.

हे सगळं वाचून काही जण म्हणतील, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ झालं नाही की कुणी लिहून ठेवलं नाही? प्रत्येक बोटहाऊसमध्ये चहावर सांगितले जाणारे किस्से असतात. फलाणा पुलाच्या खांबाला कसा आदळला, अमक्याची बोट अंधारात कशी दोन तुकड्यांत मिळाली. लोक हसतात, मीही हसलोय. त्या किश्शांची एक वही करा, नावं न घालता, ‘थोडक्यात निभावलं’ अशी. वर्षातून एकदा सगळ्या क्लबांनी त्या वह्या एकमेकांना वाचून दाखवाव्यात. राज्य संघटनेने यासाठी एक दुपार काढली तर कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त उपयोग होईल. सगळ्यात जास्त विरोध होईल तो माझ्याच वयाच्या, रोज एकट्याने सिंगल काढणाऱ्या मंडळींकडून. त्यांना पाण्यावर शांतता हवी असते आणि ड्यूटीवरचा माणूस म्हणजे त्यांना चौकीदार वाटतो. त्यांच्याशी प्रेमाने बोला, पण सूट देऊ नका. पोरं आपल्याकडे बघून शिकतात, पाटी वाचून नाही.

दसऱ्याच्या आधी प्रत्येक क्लबने एक सभा घ्यावी, ड्यूटीची यादी करावी, मर्यादांचे आकडे ठरवून फळ्यावर लिहावेत, आणि तोवर शिकाऊंसाठी सिंगल रॅकवरच ठेवाव्यात, ही विनंती. यादी करताना माणसं कमी पडतील, दर वेळी पडतातच. मी ज्या क्लबचा सभासद आहे तिथे मंगळवार आणि शुक्रवार माझ्या नावावर लिहावेत. पावणेसहाला जेट्टीवर असेन. फक्त लाँचची किल्ली बोटहाऊसमध्ये खिळ्याला टांगलेली असू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना स्कलर